झेंडा दिन : नागपूरचा रस्ता आणि सेवाग्रामचा चरखा

वाचकहो, दरवर्षी ७ डिसेंबर उजाडला की काही स्नेही मोठ्या उत्साहाने ‘आज ध्वजदिन, तिरंग्याचा सन्मान दिन’ असे संदेश पाठवतात. भावना चांगली आहे, पण तपशील चुकीचा. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो आणि त्याचा हेतू सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी निधी उभारणे हा आहे. त्या दिवशी छातीवर जी छोटी पताका टाचली जाते, ती राष्ट्रध्वजाची नव्हे.

मग तिरंग्याचा दिवस कोणता? डेन्मार्कमध्ये १५ जूनला ध्वजाचा दिवस असतो. १२१९ च्या लढाईत झेंडा आकाशातून खाली आला, अशी त्यांची आख्यायिका आहे. अमेरिकेत तो १४ जूनला असतो, कारण १७७७ साली त्या दिवशी ध्वजाचा ठराव झाला. आपल्याकडे संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी ध्वज स्वीकारला, परंतु २२ जुलैला ना सुट्टी, ना सोहळा. काही शाळांतून परिपाठात त्याचा उल्लेख होतो, इतकेच.

गंमत अशी की, स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे झेंडा दिन होता. एक नव्हे, अनेक होते आणि त्यांतील पहिल्या मोठ्या दिनाचा सूत्रधार वर्ध्याचा होता. आजचा धागा त्याच्याविषयी आहे. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

सेवाग्रामला गेलेल्यांनी बापू कुटी पाहिली असेल. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, जमिनीवर अंथरलेली चटई. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी प्रथम या गावी आले, तेव्हा गावाचे नाव सेगाव होते. विदर्भातच संत गजानन महाराजांचे शेगाव असल्याने टपालाचा घोळ होऊ लागला आणि १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. या गावातील बरीचशी जमीन जमनालाल बजाज यांच्या मालकीची होती. गांधीजींना वर्ध्यात आणण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला होता. आश्रमाची ही कहाणी सर्वांना ठाऊक असते. त्याच्या तेरा वर्षे आधी याच जमनालालजींनी एका झेंड्यापायी तुरुंगवास पत्करला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

तेव्हाचा झेंडा आजच्यासारखा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा, व तिन्हींवर पसरलेला चरखा. १९२१ मध्ये बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा, येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली. तेथे पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींना झेंड्याचा आराखडा करून दिला. चरख्याची कल्पना जालंदरच्या लाला हंसराज यांची. आराखडा हाती येईपर्यंत वेळ टळून गेली आणि तो समितीपुढे मांडायचा राहून गेला. उशीर झाला ते बरेच झाले, असे गांधीजींना पुढे वाटले. कारण त्या अवधीत, लाल आणि हिरव्या रंगांत इतर धर्मीयांना स्थान नाही हे त्यांच्या ध्यानी आले व पांढरा पट्टा आला. १३ एप्रिल १९२१ च्या ‘यंग इंडिया’त त्यांनी हे सारे लिहिले आहे. तात्पर्य, ज्या झेंड्यासाठी पुढे शेकडो माणसे तुरुंगात गेली, त्यामागे काँग्रेसचा रीतसर ठरावसुद्धा नव्हता. लोकांनी तो हाती घेतला आणि तो राष्ट्राचा झाला. मला या इतिहासातील ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आता १९२३ कडे येऊ. देशातील वातावरण खिन्न होते. चौरीचौराच्या घटनेनंतर असहकार आंदोलन थांबले होते. १८ मार्च १९२२ रोजी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि ते येरवड्यात होते. काँग्रेसमध्ये उभी फूट पडली होती. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्या बाजूचे लोक कायदेमंडळात शिरावे असे म्हणत होते, तर गांधीजींचा कार्यक्रम जसाच्या तसा चालवावा असे म्हणणारे ‘नाफेरवादी’ ठरले. जमनालालजी नाफेरवाद्यांत होते. गांधीजींना ज्या तारखेला शिक्षा झाली, ती १८ तारीख दर महिन्याला ‘गांधी दिन’ म्हणून पाळली जाई. ही तारीख लक्षात असू द्यावी. ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

ठिणगी पडली जबलपूरला. तेव्हा जबलपूर, वर्धा आणि नागपूर हे सारे मध्यप्रांतात होते व नागपूर ही त्याची राजधानी. जबलपूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर झेंडा लावण्यावरून ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत ओरड झाली आणि सरकारी-निमसरकारी इमारतींवर तो लावण्यास मनाई झाली. १८ मार्च १९२३ रोजी, शिक्षेच्या पहिल्या वर्षदिनी, पंडित सुंदरलाल यांच्या पुढाकाराने तेथे मनाई मोडून मिरवणूक निघाली. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान या चळवळीत होत्या. जबलपूर लवकर शांत झाले, पण १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंड्यासह निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर पोलिसांनी अडवली आणि स्वयंसेवकांना मारहाण केली.

येथे एक बारकावा समजून घेतला पाहिजे. झेंडा बाळगणे हा गुन्हा नव्हता. नागपूर शहरात तो खुशाल मिरवता येत होता. हरकत होती ती सिव्हिल लाइन्सवर नेण्यास, कारण तेथे गोरे अधिकारी राहत. सरकारने कलम १४४ खाली काढलेल्या हुकमाची भाषा शांततेची आणि रहिवाशांना होणाऱ्या उपद्रवाची होती. म्हणजे वाद कापडाचा कमी आणि रस्त्याचा अधिक होता : आपल्याच शहरातील एका रस्त्यावरून आपलाच झेंडा घेऊन जाण्यास परवानगी का मागावी? मिठाच्या सत्याग्रहाला अद्याप सात वर्षे अवकाश होता. पण एखादी साधी, सर्वांना कळणारी वस्तू घेऊन कायद्यासमोर उभे राहण्याची रीत नागपुरात आधीच रुळत होती.

१ मे १९२३ पासून जमनालालजींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांची लहानशी तुकडी झेंडा घेऊन निघे, सिव्हिल लाइन्सच्या हद्दीवर अडवली जाई, अटक होई आणि दुसऱ्या दिवशी नवी तुकडी निघे. भाषणे नाहीत, झटापट नाही. जमनालालजी तेव्हा ३३ वर्षांचे होते. कापसाचे मोठे व्यापारी, काँग्रेसचे खजिनदार आणि दोनच वर्षांपूर्वी ‘रायबहादूर’ ही पदवी परत केलेले. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे पुष्कळ आहे, असा माणूस रोज त्या धुळीच्या रस्त्यावर उभा राहतो, याचा परिणाम विदर्भातील व्यापारी वर्गावर झाल्यावाचून राहिला नाही.

मग १८ जून जाहीर झाला. त्या महिन्याचा गांधी दिन देशभर ‘झेंडा दिन’ म्हणून पाळायचा होता. सरकारने आदल्या दिवशीच, १७ जूनला, जमनालालजींना अटक केली. महात्मा भगवानदीन यांच्यासारखे इतर नेतेही धरले गेले. जमनालालजींना दीड वर्षाची कैद आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरण्याचे त्यांनी नाकारले, म्हणून त्यांची गाडी जप्त करून लिलावात काढली गेली. परंतु या भागात बोली लावणारा माणूसच मिळेना. शेवटी ती विकण्यासाठी दूर काठेवाडात पाठवावी लागली, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. दंडाचा आकडा विसरला जाईल, पण न लागलेली बोली विसरली जाऊ नये. अनेकदा सामान्य माणसाचा सत्याग्रह असाच असतो : काही न करण्याचा.

वर्ध्याच्या सत्याग्रहाश्रमातून विनोबा भावे आले. ते १९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून साबरमतीहून वर्ध्यास आले होते आणि १९२३ च्या जानेवारीत त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मासिक सुरू केले होते. झेंड्याच्या सत्याग्रहात त्यांना अटक झाली. प्रथम नागपूर आणि नंतर अकोला येथील तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. हुबळीहून डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांचे स्वयंसेवक आले. गुजरात, बिहार, दक्षिण भारत, सर्वत्रून तुकड्या येऊ लागल्या. नागपूरच्या तुरुंगात दीड हजारांहून अधिक सत्याग्रही पोहोचले. सर्वच कसोटीला उतरले असे नाही. तुरुंगाच्या जाचाला कंटाळून कितीतरी जणांनी माफी लिहून दिली, आणि सरकारने त्याचा गाजावाजाही केला. हर्डीकरांच्या लोकांनी माफी मागण्यास नकार दिला, म्हणून त्यांचे नाव झाले. या अनुभवातून, शिस्तीचे शिक्षण असलेले स्वयंसेवक दल हवे, ही कल्पना पुढे आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात काकीनाडा अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झाले. झेंडावंदनाची जी कवायत आज आपण शाळेत करतो, तिचे मूळ शोधू लागलो तर वाट या सेवा दलाकडे जाते.

जमनालालजी तुरुंगात गेल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. त्यांचे थोरले बंधू विठ्ठलभाई मदतीस होते. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्याशी बोलणी झाली. मनाई हुकमाची मुदत १७ ऑगस्टला संपली आणि सरकारने ती वाढवली नाही. दुसऱ्या दिवशी, पुन्हा १८ तारखेस, शंभर स्वयंसेवक झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्समधून चालत गेले. पोलीस उभे होते, पण कोणी अडवले नाही. सप्टेंबरच्या प्रारंभी कैदी सुटले.

हा विजय होता का? यावर तेव्हाच वाद झाला. काँग्रेसवाल्यांनी परवानगी मागितली म्हणून मिरवणूक जाऊ दिली, असे सरकारपक्षाच्या वृत्तपत्रांनी म्हटले. वल्लभभाईंनी ते ठामपणे नाकारले. तडजोड झाली हे उघड आहे. मिरवणूक निघाली ती एकदाच, आणि त्यानंतर सत्याग्रह थांबला. माझे मत विचाराल तर, दोन्ही बाजूंना आपली अब्रू राखून मागे फिरता यावे अशी वाट शोधली गेली. पण रस्ता मात्र एका बाजूचाच खुला झाला होता. शंभर माणसे त्या रस्त्यावरून चालत गेली, हे कोणत्याही खुलाशाने पुसता आले नाही.

झेंडा दिनाचा दुसरा अध्याय १९३१ चा. झेंड्यातील रंग धर्मांशी जोडल्यामुळे नवी कटकट सुरू झाली होती. शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली. कराची अधिवेशनाच्या वेळी सात जणांची समिती नेमली गेली : वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, डॉ. हर्डीकर आणि काका कालेलकर. सातारचे कालेलकर पुढे वर्ध्यातच राहिले, हे जाता जाता नोंदवतो. या समितीने काय सुचवावे? संपूर्ण केशरी झेंडा आणि कोपऱ्यात चरखा! अखिल भारतीय समितीने तो फेटाळला आणि ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत केशरी, पांढरा, हिरवा आणि मधल्या पट्टीवर निळा चरखा असा ध्वज मंजूर केला. रंगांचा अर्थ धर्मवाचक नाही, हे मुद्दाम स्पष्ट केले गेले. ३० ऑगस्ट, रविवार, हा दिवस देशभर झेंडा दिन म्हणून ठरला. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी झेंडावंदन करण्याची सेवा दलाची प्रथा गावोगावी पोहोचली. त्यात गाइले जाणारे ‘झंडा ऊँचा रहे हमारा’ हे गीत कानपूरच्या श्यामलाल गुप्त ‘पार्षद’ यांनी १९२४ मध्ये लिहिले होते, म्हणजे नागपूरच्या सत्याग्रहाच्या पाठोपाठ.

यानंतर झेंड्याची किंमत वाढतच गेली. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी निघून जावे असा ठराव केला. महिनाभरात गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातीलच आष्टी येथे लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यासाठी गेले. गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर उसळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी शेजारच्या जिल्ह्यात चिमूर पेटले. खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या व त्या पुढे जन्मठेपेत बदलल्या. आष्टीचे नाव आज आष्टी (शहीद) असे आहे. अहिंसेच्या आश्रमाच्या जिल्ह्यात हे घडले, याची अडचण वाटणारे लेखक हा प्रसंग दोन ओळींत उरकतात. तो उरकू नये. नागपूरच्या तुकड्या अटक होण्यासाठी निघत होत्या. आष्टीचे लोक ठाणे ताब्यात घेण्यासाठी निघाले होते. झेंडा तोच, पण एकोणीस वर्षांत त्याला विचारायचा प्रश्न बदलला होता.

आणि मग १९४७. संविधान सभेने राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती नेमली. तिच्यात मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी यांच्यासह डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. २२ जुलैला नेहरूंनी ठराव मांडला. रंग तेच राहिले. चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्र आले. कारण व्यावहारिक दिले गेले : चरख्याचे चाक एका बाजूला आणि चाती दुसऱ्या बाजूला असल्याने मागून पाहिल्यास चित्र उलटे दिसे, ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. कारण चुकीचे नव्हते.

गांधीजींना मात्र ते पटायला जड गेले. चरखा नसलेल्या झेंड्याला आपण वंदन करणार नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी ऑगस्टच्या प्रारंभी काढले. त्याच सुमारास ‘हरिजन’मध्ये, चक्रात चरखा पाहणारे लोकही आहेत, याची दखल त्यांनी घेतली. आपल्या मुलांना शाळेत अशोकचक्राच्या २४ आऱ्या मोजायला शिकवतात, पण या नाराजीचा उल्लेख होत नाही. तिला म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु त्यांच्या लेखी चरखा हे चित्र नव्हते. झेंडा ज्या कापडाचा व्हायचा, ते कापड कोण विणणार, हा प्रश्न होता. अखिल भारतीय चरखा संघाचे काम सेवाग्रामातून चालत होते. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्राम सोडून गेले ते परत आलेच नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ ला ते कोलकात्यात होते. त्यांनी त्या दिवशी उपवास केला आणि सूत कातले.

चाक बदलले, पण कापड बदलले नाही. ध्वज हाताने कातलेल्या आणि विणलेल्या खादीचाच असावा, हा नियम दीर्घकाळ टिकला. आपल्या नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आणि हर्डीकरांच्या हुबळीतील खादी संघ ही ध्वजासाठी प्रसिद्ध केंद्रे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर केलेले आणि पॉलिस्टरचे ध्वजही ग्राह्य ठरले. त्यामुळे घरोघरी झेंडा पोहोचला हे खरे. आणि हातमागावर बसणाऱ्यांचे काम घटले, अशी खादी संस्थांची तक्रार आहे, हेही खरे.

रस्त्याच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके सामान्य नागरिकाला ठरावीक राष्ट्रीय दिवस वगळता आपल्या घरावर वा कार्यालयावर तिरंगा लावण्याची मुभा नव्हती. उद्योजक नवीन जिंदाल यांनी याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकावणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, म्हणजे संविधानाच्या कलम १९ (१) (अ) चा भाग आहे. १९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी अडवलेल्या पोरांचा मुद्दा जवळजवळ हाच होता. त्याला कायद्याचे कलम मिळायला ८१ वर्षे लागली, त्यांतील ५७ आपल्याच राज्यात.

शेवटी एक विनंती. महाराष्ट्रात गावोगावी झेंडा चौक आढळतो. तुमच्या गावातही असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा की तेथे पूर्वी झेंडावंदन कोणत्या दिवशी होत असे : केवळ १५ ऑगस्ट व २६ जानेवारीला, की महिन्याच्या शेवटच्या रविवारीही? उत्तर मिळाल्यास या धाग्याखाली गावाच्या नावासह लिहा. पुढील धागा आष्टी आणि चिमूरवर असेल.